उपरण्याखालचा हात

सावद्याच्या बैलबाजारात सुपडू नानांनी अर्धं आयुष्य दलाली केली, पण त्यांनी तोंडानं सांगितलेला भाव कुणी कधी ऐकला नाही. तिथली पद्धतच तशी. विकणाऱ्याचा दलाल आणि घेणाऱ्याचा दलाल समोरासमोर बसतात, दोघांच्या उजव्या हातांवर उपरणं टाकलं जातं आणि त्याखाली बोटं बोलतात. भोवती कितीही माणसं उभी असोत, त्यांना दिसतं ते फक्त हलणारं कापड. वर गप्पा चालतात त्या पावसाच्या, केळीच्या, कुणाच्या सोयरिकीच्या. एका दलालानं भाव सोडला आणि दुसऱ्यानं बोट दाबून होकार दिला की सौदा झाला. त्यानंतर माघार नाही. होकार देऊन फिरलेल्या दलालाच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही.

"माणसाचं तोंड खोटं बोलतं हेमराज, बोट नाही बोलत," नाना मला सांगायचे. आमची घरं एकाच गल्लीत, त्यामुळे लहानपणापासून त्यांच्या ओट्यावर माझं जाणं-येणं. "ज्याले भाव सोडायचा असतो त्याचं बोट अगोदर ढिलं पडतं. तेवढं कळलं पाहिजे."

समोर बसणारा दलाल बहुतेक वेळा झुलाल आबा असायचा. बाजारात दोघं एकमेकांचे वैरी, बाजार उठला की एकाच पुडीतली तंबाखू. कडबा कापायच्या मशीनमध्ये झुलाल आबाचं उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं होतं. "अर्धं बोट दाबून अख्ख्याचे पैसे मागतो," असं नाना चारचौघांत म्हणायचे आणि सगळ्यात जास्त झुलाल आबाच हसायचा.

तो गेला तोही सौद्यातच. भर दुपारी, लिंबाखाली, एका खिल्लारी जोडीचा भाव चालला होता. दोघांचे हात उपरण्याखाली. बराच वेळ झुलाल आबा हटून बसला होता. मग त्याचं बोट ढिलं पडलं. भाव सुटला असं समजून नानांनी दाबून होकार दिला आणि उपरणं काढलं. झुलाल आबा झाडाला टेकून डोळे उघडे ठेवून बसला होता. त्यानं भाव सोडला नव्हता, जीव सोडला होता.

बाजारातल्या लोकांचं म्हणणं पडलं की हा सौदा धरायचा नाही. नानांनी ऐकलं नाही. "त्यानं सोडलं, मी दाबलं," एवढंच ते म्हणाले आणि जोडी त्याच भावानं घेणाऱ्याकडे गेली.

त्यानंतर नाना बाजारात फारसे गेले नाहीत. तसाही बाजार बसत चालला होता, ट्रॅक्टरपुढे बैल कोण घेणार. मी तोपर्यंत कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून जळगावला एका कंपनीत लागलो होतो. सुट्टीला आलो की नाना ओट्यावर नुसते बसलेले दिसत, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. म्हणून मी त्यांना एका साइटचा नाद लावला.

निमित्त गल्लीतल्या एका बाईचं झालं. तिला केमोसाठी मुंबईला न्यायचं होतं आणि दवाखान्याजवळच्या हॉटेलांचे दर ऐकूनच घरचे गप्प झाले होते. बोली लावून खोली मिळवायची एक साइट मला माहीत होती. तिथं हॉटेलचं नाव आधी दिसत नाही. शहरातला भाग निवडायचा, दर्जा निवडायचा, आपल्याला परवडेल तो भाव टाकायचा. त्या भागातल्या एखाद्या हॉटेलनं तो मान्य केला की लगेच पैसे कापले जातात आणि मग नाव कळतं. आवडो न आवडो, पैसे परत नाहीत. भाव कुणीच मान्य केला नाही तर त्या दिवशी पुन्हा बोली नाही.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे उपरण्याखालचंच काम हाये," ते म्हणाले.

ते त्यात लवकर रुळले. शनिवार-रविवारच्या खोलीसाठी बोली लावायचीच नाही, कारण तेव्हा हॉटेलवाला ताठ असतो. बोली दुपारी लावायची. सकाळची माणसं खोली सोडून गेलेली असतात, रिकाम्या खोल्या डोळ्यांसमोर दिसत असतात, तेव्हा तो नरमतो. बाकीच्या साइटवर जो दर दिसतो त्याच्या निम्म्याच्याही खालून सुरुवात करायची. एक युक्ती मी त्यांना दिली. बोली फसली तरी, निवडीत नवा भाग जोडला तर साइट त्याच दिवशी दुसरी बोली लावू देते. मग जिथं हॉटेलच नाही असा भाग जोडायचा. खोली तिथली मिळणं शक्य नाही, पण मूळच्या भागासाठी एक जास्तीची संधी मिळते. असे रिकामे भाग मी नकाशावर हेरून ठेवले होते. त्यातला सगळ्यात खात्रीचा म्हणजे मिठागरांचा. खाडी, चिखल आणि मिठाचे पांढरे वाफे, बाकी काही नाही.

भाव टाकला की नाना फोन मांडीवर ठेवत, त्यावर उपरणं टाकत आणि उजवा हात आत घालून बसत. उत्तर येईपर्यंत हात बाहेर नाही.

"फोनले काय थंडी वाजून राह्यली का?" अक्का आतून टोमणा मारायच्या. अक्का म्हणजे सुंदरबाई, नानांची बायको. त्यांना हा झाकून भाव करायचा प्रकार आयुष्यभर आवडला नाही. "मी मेथीची जुडी घेते तं बठ्ठा बाजार ऐकतो. तोंड उघडून भाव करावा माणसानं."

वर्षभरात सावदा, फैजपूर, रावेर, कुठून कुठून लोक येऊ लागले. मुंबईला न्यायचा पेशंट असला की आधी नानांचा ओटा. नाना कुणाकडून काही घेत नसत. फार तर चहा.

माझ्या लक्षात आलं ते उशिरा. नानांची बोली फसायची बंद झाली होती. कितीही खाली भाव टाकला तरी पहिल्याच वेळी होकार. आणि तो येण्याचा वेगही पटणारा नव्हता. साइट बोली हॉटेलांकडे पाठवते, उत्तरं तपासते, त्याला थोडा वेळ लागतोच. नानांचा हात उपरण्याखाली गेला की तेवढ्यात फोन वाजे. मी शेजारी बसून माझ्या फोनवरून तोच भाग, तोच दर्जा, तोच भाव टाकून पाहिला. मला नकार. त्यांना होकार. जुन्या खात्याला झुकतं माप देत असतील, अशी मी माझीच समजूत घातली. मग त्यांच्या नावानं नवं खातं उघडून दिलं. तरीही होकारच.

"कसं करता नाना?"

"मी कुठं करतो. समोरचा सोडतो, मी दाबतो."

"समोरचा म्हणजे हॉटेलवाला?"

नानांनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं चोळली. "हॉटेलवाल्याचं पहिलं बोट अर्धं कसं राहील?"

ते हसले नाहीत. आतून अक्कांचा आवाज आला, "मेल्यावरबी पाठ सोडत नाही का तो? जिवंत होता तं चहा पिऊन जायचा. आता काय पितो?"

त्याच वर्षी अक्कांच्या छातीत गाठ निघाली. जळगावच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख दिली आणि सांगितलं की त्यानंतर काही आठवडे रेडिएशनचे शेक द्यावे लागतील, जवळच राहावं लागेल. ही तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही, आणि तोवर गाठ थांबणार नाही. धर्मशाळेत जागा नव्हती. पूर्ण दरानं इतके दिवस खोली घेणं त्यांच्या ऐपतीबाहेरचं होतं. ओली जखम घेऊन अक्का फुटपाथवर झोपू शकत नव्हत्या. साऱ्या गावाला खोल्या मिळवून देणाऱ्या नानांना आता घरच्यासाठी एक खोली मिळवायची होती.

मी रजा टाकून आलो होतो. दुपारची वेळ, गल्लीत कुत्रंही नव्हतं. नानांनी परळ भाग निवडला, पाहुणे दोन, भाव टाकला, उपरणं पसरलं आणि हात आत घातला. बऱ्याच वेळानं नकार आला.

"हातच नाही आला आज," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाव वाढवला. पुन्हा नकार. या वेळी त्यांच्या कपाळावर घाम होता. "आला. पण सोडत नाही. नुसता धरून बसलाय."

"नाना, उन्हानं होतंय. आत चला."

"दुसरा भाग जोड," ते म्हणाले.

मी मिठागरांचा भाग जोडला. अजून एक संधी मिळेल, परळला काही तरी लागेल, एवढाच माझा विचार. नानांनी त्याच भावावर बोट टेकवलं आणि हात झाकला. वारा अजिबात नव्हता. उपरण्याखाली नानांचा एकच हात होता, तरी कापडाला आलेला उंचवटा दोन हातांएवढा होता. मी तो पाहिला. तो हळूहळू खाली बसला, जणू आतलं काही तरी सैल पडलं. नानांनी दाबलं. फोन वाजला.

बोली मान्य झाली होती. भाग मिठागरांचा.

हॉटेलच्या नावाची जागा कोरी होती. फोटो एकच. दुपारच्या उन्हात पसरलेली पांढरी जमीन आणि तिच्यात ओळीनं ठोकलेले गुरं बांधायचे खुंटे. खाली ऑपरेशनचीच तारीख, आणि पाहुणे एक. आम्ही दोन टाकले होते. त्याखाली लिहिलं होतं, पाहुण्याचं नाव भरा.

"साइटची चूक आहे," मी म्हणालो. "मी तक्रार टाकतो. पैसे परत करावेच लागतील त्यांना."

"चूक नाही. त्याले एकच माणूस पाहिजे."

"कुणाला? कोण माणूस?"

"कोण ते त्यानं माझ्यावर सोडलं." नानांनी फोन जवळ घेतला आणि एकेक अक्षर शोधत स्वतःचं नाव भरलं. मी त्यांचा हात धरायला गेलो, तर म्हणाले, "दाबून झालंय हेमराज. त्या दिवशी लिंबाखाली मी मेलेल्या माणसाकडून सौदा पक्का करून घेतला. आता त्यानं माझ्याकडून घेतला. फिट्टंफाट."

लगेच त्यांनी परळसाठी पुन्हा बोली लावली. कोणता नवा भाग जोडला नव्हता, साइटनं लावू द्यायलाच नको होती. होकार आला. दवाखान्यापासून चालत जाता येईल असं हॉटेल, पाहुणे दोन, शेक संपेपर्यंतची खोली.

मी साइटला तक्रार पाठवली. उत्तर आलं की त्या भागात आमच्याकडे एकही हॉटेल नोंदलेलं नाही, कृपया बुकिंग तपासून पाहा. बुकिंग नानांच्या फोनमध्ये होतं आणि रोज सकाळी संदेश येत होता, आम्ही आपली वाट पाहत आहोत.

निघायच्या आधी अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या सुपात तूर पाखडत होत्या.

"हेमराज, यांले काय झालं रे? मले एटीएमचा नंबर पाठ करायले लावून राह्यले. गायीचा डॉक्टर कोण, गॅस कुठून येतो, बठ्ठं सांगून राह्यले. ऑपरेशन माझं आहे का त्यांचं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही.

"अन् त्या दिवशी तिथं गेलंच नाही तं?"

"पाहुणा त्या दिवशी आला नाही तर बुकिंग आपोआप संपतं. नियम आहे. पैसे मात्र बुडतात."

"पैसेच ना?" अक्का म्हणाल्या आणि सुपातला कोंडा फुंकून टाकला.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सकाळपासून दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. अक्कांना नाव पुकारेपर्यंत थांबायला सांगितलं होतं. नाना दाढी करून, नवं धोतर नेसून आले होते. पायाशी वेगळी छोटी पिशवी. शेजारच्या बाकावर साक्रीकडचा चिंधा नावाचा माणूस होता. त्याचा भाऊ आत भरती होता आणि तो स्वतः महिनाभर बाहेर फुटपाथवर झोपत होता. सकाळी त्यानं माझ्या आणि नानांसोबत भाकरी खाल्ली होती.

"नाना, माले बी एखादी खोली देखी द्या ना," तो म्हणाला होता. "पाठ धरी लिधी फरशीनी."

"बघू," नाना म्हणाले होते.

दुपार झाली आणि नानांचा फोन वाजला. पडद्यावर नंबर नव्हता. मी उचलला. पलीकडे कुणी बोललं नाही. गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, खुरांचा आवाज, दूरवर माणसांची गलबल, भरलेल्या बाजाराची. मग अगदी जवळ कुणीतरी तंबाखू थुंकल्यासारखं झालं. मी फोन बंद केला. लगेच संदेश आला, गाडी खाली उभी आहे.

नानांनी पिशवी उचलली आणि उठले. अक्कांनी त्यांचा उजवा हात पकडला. बोटं नाही, अख्खा पंजा.

"बसा."

"शब्द दिलाय मी."

"मले बी दिला होता. त्याच्या अगोदर."

नाना उभेच राहिले. त्यांचा हात अक्कांच्या हातात होता, पण खांद्यापासून तो ताणला जात होता, जिन्याच्या दिशेनं. नाना स्वतः ओढत नव्हते, त्यांचे पाय जागेवर होते. त्यांच्या खांद्यावरचं उपरणं घसरलं आणि सरळ खाली न पडता जिन्याकडे जाऊन पडलं. अक्कांनी दुसरा हातही पहिल्यावर ठेवला. त्यांच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. चेहरा मात्र बाजारात भावावर अडून बसलेल्या बाईचा. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मग संदेश आला. पाहुणे न आल्यामुळे बुकिंग समाप्त. रक्कम परत मिळणार नाही.

ताण एकदम गेला. नाना बाकावर बसले.

"माझा शब्द गेला," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "आता बाजारात कोण हात देईल मले?"

"जो देऊन राह्यला त्याच्या हातात देऊच नका."

फोनवर आणखी एक संदेश उमटला. मी वाचला, पण मोठ्यानं नाही. खोली दुसऱ्या पाहुण्यास देण्यात येत आहे.

शेजारच्या बाकावर चिंधाचा फोन वाजला. त्यानं पडदा डोळ्यांजवळ नेला आणि त्याचा चेहरा उजळला. "नाना, हाई देखा बरं. माले खोली भेटनी म्हणस. पैसा बी नही लागत. गाडी खाले उभी शे." तो वळकटी उचलून उभा राहिला.

अक्कांनी नानांचा हात एका हातात ठेवला आणि दुसऱ्यानं चिंधाचं मनगट धरलं.

"बस भाऊ."

"पन अक्का, फुकट शे."

"म्हणूनच बस."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो मुकाट्यानं बसला. त्याच वेळी दार उघडून नर्सनं पुकारलं, "सुंदरबाई सुपडू नारखेडे." अक्का हलल्या नाहीत. नर्सनं पुन्हा पुकारलं आणि म्हणाली की पेशंट नसेल तर पुढचं नाव घेते. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

"इकडे ये. यांच्यामंदी बस. पंजा धर, बोटं नको. मी बाहेर येईपर्यंत सोडजो नको."

मी दोघांच्या मध्ये बसलो आणि एकेक हात घेतला. दोन्ही हात बर्फासारखे होते. अक्का पदर खोचून दाराकडे गेल्या आणि आत शिरल्या.

नानांचा आणि चिंधाचा, दोन्ही फोन बाकावर वाजत होते. माझे हात अडकलेले होते, आणि त्या दोघांनाही मी उचलू नका म्हणून बजावलं होतं. चिंधा एकदा झटका देऊन उठायला गेला. मी त्याला खाली ओढलं. नाना जिन्याजवळ पडलेल्या उपरण्याकडे बघत होते. ते मधूनमधून हलत होतं आणि येणारे-जाणारे लोक त्याला वळसा घालून जात होते.

ऊन कलल्यावर दोन्ही फोन एकदम थांबले. मग व्हरांड्याच्या पार टोकाला तिसरा वाजला. तिथला एक अनोळखी माणूस फोन बघून उठला आणि बरोबरच्या बाईला काही सांगून लगबगीनं जिन्याकडे निघाला. मी त्याला हाका मारल्या. तो माझ्याकडे बघून हसला, हात हलवला आणि खाली उतरला.

संध्याकाळी अक्कांना बाहेर आणलं. ऑपरेशन नीट झालं, असं डॉक्टर म्हणाले. स्ट्रेचर आमच्याजवळ आलं तेव्हा त्यांचे डोळे अर्धवट उघडे होते. त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग नानांकडे, मग चिंधाकडे.

"दोघं हायेत?" त्यांनी विचारलं.

"हायेत अक्का."

त्यांनी मान वळवली आणि व्हरांड्याच्या टोकाकडे बघत राहिल्या. तिथली बाई एकटी बसली होती, मांडीवर दोन डबे घेऊन.